टँक आणि मासोळ्या एकाच दिवशी विकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरात अक्वेरियम कसं सजवायचं त्याचे फोटो आले होते, छानच होते, निळे दगड, बुडबुडे सोडणारा शिंपला, सगळं. पण खरी गोष्ट त्यात नव्हती आणि ती आम्हाला माहीत नसल्यामुळे आमच्या घरी तीन आठवड्यांत 11 मासोळ्या मेल्या, म्हणून हे पत्र लिहून राहिली आहे. लांब झालं तर कापा पण मधलं कापू नका.

झालं असं की मार्चमध्ये मुलाचा वाढदिवस होता. दरवर्षी सायकल सायकल करणाऱ्या पोट्ट्याने यंदा मासोळ्याच पाहिजे म्हणून धोशा लावला. गेलो दुकानात, दुकानाचं नाव लिहीत नाही कारण चार दुकानं फिरलो तरी सगळीकडे हेच ऐकलं. दोन फुटी टँक, फिल्टर, रंगीत दगड आणि 9 मासोळ्या, म्हणजे 6 गोल्डफिश, 2 मॉली आणि काच चाटायला एक सकर, सगळं एका बिलात. दुकानदार भाऊ म्हणाला पाण्यात हे थेंब टाका, अर्धा तास पिशवी तरंगत ठेवा, झालं. आम्ही तसंच केलं. संध्याकाळी केक कापला, मुलं टँकसमोरून हलेनात आणि सासूबाई कौतुकाने मुरमुरे टाकत होत्या, तलावावर टाकतात तसे.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं पांढरं. आता आपल्याकडे पाणी खराब दिसलं की बाई काय करणार, मी सगळं पाणी फेकलं, दगड नळाखाली खळखळून धुतले आणि फिल्टरचा स्पंज चक्क कपड्यांच्या पावडरने घासला. टँक चकाचक. त्या आठवड्यात 5 मेल्या. दुकानदार म्हणे तुमच्या घरचं पाणी त्यांना मानवलं नाही ताई, असं होते, आणखी 4 घेऊन जा. घेतल्या. पुन्हा पाणी गढूळ, पुन्हा मी घासूनपुसून साफ, आणि आणखी 6 गेल्या. पोरगा तर मग टँककडे बघायचाच बंद झाला, आम्ही त्याला सांगायचो की ती झोपली आहे आणि तो म्हणायचा उलटी कोण झोपते.

शेवटी नणंदेच्या मुलाला बोलावलं, तो इथेच नागपुरात मत्स्य विज्ञान शिकते. त्याने टँकमधलं पाणी एका काचेच्या नळीत घेतलं, दोन बाटल्यांमधले थेंब टाकले, आणि पाच मिनिटांनी ते हिरवंगार झालं. पिवळं राहायला पाहिजे होतं. म्हणाला, मामी, ह्या आपल्याच घाणीत पोहून राहिल्या ना.

त्याने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. मासोळी अमोनिया सोडत असते, तोही जास्त करून कल्ल्यांमधून, आणि उरलेलं खाणं सडलं की त्याचाही अमोनियाच होते. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसते पण त्यात विष असते. जुन्या टँकमध्ये हा अमोनिया खाणारे बॅक्टेरिया असतात, ते त्याचं नायट्राइट करतात, नायट्राइटसुद्धा विषच, मग दुसऱ्या जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट त्या मानाने बिनधोक्याचं, आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जाते. ह्या सगळ्याला शौकीन लोक टँक सायकल होणं म्हणतात (म्हणजे सायकल काही आमच्या घरून सुटली नाही). नव्या टँकमध्ये हे बॅक्टेरिया जवळजवळ नसतातच, त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात, हिवाळ्यात आणखी जास्त. अगदी विरजणासारखं आहे, थंडीत आपण दह्याचं भांडं गुंडाळून ठेवतो ना. आणि ते पाण्यात फारसे राहत नाहीत, स्पंजला, दगडांना, काचेला चिकटून राहतात. म्हणजे मी पावडरने घासून काय धुतलं ते कळलं असेल तुम्हाला. भांडेवाडीला आपल्या शहराचं सांडपाणी साफ करून ते कोराडीच्या वीज केंद्राला देतात, तिथेही घाण खायचं काम बॅक्टेरियाच करतात म्हणे. इतक्या मोठ्या शहराची घाण ते खातात आणि मी त्यांना माझ्या किचनच्या सिंकमध्ये धुवून टाकलं.

नियमाने पाहिलं तर आधी रिकाम्या टँकमध्ये ही वस्ती जमवायची आणि मग मासोळ्या आणायच्या. पण मासोळ्या तर घरात येऊन चुकल्या असतात, त्यांना कुठे ठेवणार. माझ्यासारखे लोक इथेच फसतात म्हणून हे नीट लिहिते.

आमच्या टँकमध्ये साधारण 50 लिटर पाणी बसते. रोज त्यातलं 12-15 लिटर काढायचं आणि तेवढंच नवीन टाकायचं, पूर्ण पाणी कधीच नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते कल्लेही जाळते आणि बॅक्टेरियाही मारते, म्हणून अँटी-क्लोरीनचे थेंब टाकूनच पाणी वापरायचं, बादली रात्रभर उघडी ठेवली तरी बरंच उडते पण थेंब बरे. खाणं दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकंच, एखाद्या दिवशी नाही दिलं तरी मरत नाही मासोळी (सासूबाईंना हे पटायला एक महिना लागला). आणि फिल्टर धुवायचाच झाला तर टँकमधून काढलेल्या पाण्यात नुसता हलका पिळायचा, नळाखाली नाही.

फिल्टर रात्री बंद करायचा नाही हे वेगळं सांगते, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये दोघी-तिघी आवाज येते आणि बिल येते म्हणून बंद करतात. बॅक्टेरियाला ऑक्सिजनचं वाहतं पाणी लागते, तासन्‌तास बंद राहिलं की मरायला लागतात. बिलाचं म्हणाल तर 8 वॅटचा फिल्टर महिनाभर चोवीस तास चालवला तर सहा युनिटसुद्धा होत नाही. कूलर किती खाते ते आधी बघा.

टेस्ट किट घ्या, म्हणजे भाच्याने आणल्या होत्या तशा पाणी तपासायच्या नळ्या आणि थेंबांच्या बाटल्या. मासोळ्यांच्या दोन खेपा मेल्या त्यापेक्षा स्वस्त पडते. आमच्याकडे दुसऱ्या आठवड्यात अमोनियाचा हिरवा फिका पडायला लागला आणि मी खूश झाली, तर तिकडे नायट्राइटची नळी निळ्याची जांभळी व्हायला लागली. तेव्हा घाबरायचं नाही, सायकल पुढे सरकली असाच त्याचा अर्थ, पण पाणी बदलणं सोडायचंही नाही, कारण नायट्राइटने मासोळीचं रक्त तपकिरी होते आणि ऑक्सिजन वाहून नेत नाही, मग एअर पंप कितीही बुडबुडे सोडून राहिला तरी मासोळी वर येऊन तोंड मारते. त्या दिवसांत 50 लिटरला एक चहाचा चमचा मीठ विरघळवून टाकलं, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांमधून आत जाऊ देत नाही. रोज मीठ ओतायचं नाही बरं, जितकं पाणी बदललं तितक्याच हिशोबाने.

आपल्या नागपूरचं आणखी एक दुखणं म्हणजे ऊन. 25 डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे आठेक मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 डिग्रीला सातच्या आत येतो, वरून पाणी गरम झालं की अमोनियाचं विष जास्त चढते. त्यात बोअरचं पाणी असेल तर आणखी वाईट. आमच्या बोअरच्या पाण्याचा पीएच (पाणी किती आंबट की खारं ते मोजायचा आकडा) 8 निघाला आणि भाचा म्हणाला 7 पीएचला जितका अमोनिया विषारी असते त्याच्या जवळपास दहापट 8 ला असते. तेव्हापासून टँकला फक्त नळाचं. मे महिन्यात दुपारी लाइट गेली की मी बर्फाची बाटली झाकण घट्ट लावून टँकमध्ये तरंगत सोडते आणि मगाने पाणी वरून वरून ओतत बसते, घरचे हसतात तर हसू द्या.

सहाव्या आठवड्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. 13 पैकी एक मॉली आणि एक नारंगी गोल्डफिश वाचली, त्या दोघी आजही आहेत.

आता तुमच्या पेपरमधून दुकानदार भाऊंना एवढंच सांगायचं आहे की टँक आज विका, मासोळ्या महिन्या-दीड महिन्याने विका. गिऱ्हाईक दोनदा येईल, तुमचंच भलं आहे. तेवढा दम नसेल तर निदान 9 ऐवजी 2 द्या, आणि तुमच्या दुकानातल्या चालू फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा सोबत द्या, फुकटचं विरजण आहे ते, निम्म्या वेळात काम होते. पाणी मानवलं नाही असं सांगून पुन्हा चार गळ्यात मारू नका. काही लोक वैतागून उरलेल्या मासोळ्या फुटाळ्यात नाहीतर अंबाझरीत सोडून येतात, ते तर अजिबात करू नका. सकर तिथे वाढला तर तलावातल्या मूळ मासोळ्यांना तापच. आणि पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे, तर पुढच्या वेळी सजावटीच्या फोटोंसोबत तिथल्या कोणाला चार ओळी लिहायला सांगा, मला भाच्यावर अवलंबून राहावं लागलं, सगळ्यांना भाचा कुठून मिळणार.

माझा फोन आणि पत्ता खाली वेगळ्या कागदावर आहे, छापू नका. पण मानेवाडा-हुडकेश्वर भागातलं कोणी नवीन टँक घेऊन अडकलं असेल आणि तुमच्या ऑफिसात विचारलं तर माझ्याकडे पाठवा. स्पंजचा तुकडा कापून देते, फक्त येताना टँकच्या पाण्याचाच डबा आणा, वाळला की कामाचा नाही.

आपली एक वाचक,
मानेवाडा, नागपूर