रास मोजण्याआधीच पोती बाजूला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्थसंकल्प आला की ‘केंद्राने महाराष्ट्राला काय दिलं’ यावरून वाद रंगतो. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे असेल, पण मला त्यातला ‘दिलं’ हा शब्दच खटकतो. केंद्राने गोळा केलेल्या करांत राज्यांचा वाटा राज्यघटनेच्या कलम 270 नेच ठरवून दिला आहे. तो किती, हे वित्त आयोग सांगतो. पंधराव्या आयोगाने 2021 ते 2026 साठी 41 टक्के सांगितला.

मात्र ज्या राशीतून हा वाटा निघतो, तिच्यात सेस आणि सरचार्ज, म्हणजे मूळ करांखेरीज लावलेले उपकर आणि अधिभार, धरलेच जात नाहीत. खळ्यावर वाटेकऱ्याला बोलावण्याआधीच काही पोती घरात नेऊन ठेवावीत, तसं हे आहे.

पेट्रोलचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात लिटरमागचं मूळ उत्पादन शुल्क 2 रुपये 98 पैशांवरून 1 रुपया 40 पैसे केलं गेलं. विशेष शुल्कही एका रुपयाने उतरलं. त्याच वेळी अडीच रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा उपकर नव्याने बसला. केंद्राची एकूण वसुली 32 रुपये 98 पैसे होती, ती 32 रुपये 90 पैसे झाली. पंपावर कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. पण राज्यांबरोबर वाटायचं असतं ते फक्त मूळ शुल्क, आणि तेच निम्म्याहून खाली आलं होतं. मे 2022 मध्ये एकूण वसुली 19 रुपये 90 पैशांवर आली, तरी मूळ शुल्क 1 रुपया 40 पैसेच होतं. त्याचे 41 टक्के म्हणजे 57 पैसे, आणि तेही सगळ्या राज्यांत मिळून!

उपकर ठरावीक कामासाठी असतो, म्हणून तो वेगळा ठेवतात, असं सांगितलं जातं. तसं असतं तर माझी तक्रार नसती. पण 2018-19 च्या हिशेबांत कॅगला, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांना, काय दिसलं? 35 उपकर आणि तत्सम आकारण्यांतून 2 लाख 74 हजार कोटी रुपयांहून अधिक जमा झाले, आणि त्या-त्या कामासाठीच्या राखीव निधीत गेले सुमारे 1 लाख 64 हजार कोटी.

महाराष्ट्र कर जास्त भरतो आणि पंधराव्या आयोगाने राज्यांच्या वाट्यातले त्याला 6.317 टक्केच दिले, ही तक्रार मी करत नाही. बिहार, उत्तर प्रदेशाला जास्त मिळावं, ते योग्यच आहे. उलट उपकरांचा मोठा फटका त्यांनाच बसतो, कारण त्यांची तिजोरी या वाटणीवर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त अवलंबून आहे. म्हणून उपकर वाटणीत आणण्याची मागणी सगळ्या राज्यांनी मिळून करायला हवी. (आपलं राज्यही महापालिका आणि ग्रामपंचायतींना त्यांचा वाटा वेळेवर देत नाही, हे नोकरीत मी जवळून पाहिलं आहे. ते दुखणं वेगळं आणि तितकंच खरं.)

आपले लोकसभेत 48 आणि राज्यसभेत 19 खासदार आहेत. कुठलाही उपकर पाच वर्षांहून जास्त चालला तर तो वाटणीच्या राशीत यावा, अशी घटनादुरुस्ती त्यांनी मागावी. आणि तोवर प्रत्येक उपकराची जमा आणि खर्च यांचा हिशेब दर अधिवेशनात सभागृहात मागावा.

आपला,
एक निवृत्त लेखा कर्मचारी, सातारा