प्रोजेक्टसाठी आपल्या वह्या

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

जबाबदारीने वागल्याने धंद्याचा नफा वाढतो का, या तुझ्या प्रोजेक्टसाठी ‘आपल्या वर्कशॉपचा सीएसआर (सामाजिक कामावरचा खर्च) किती?’ हा तुझा मेसेज वाचून बाबा मोठ्याने हसले. कंपनी कायद्याचं कलम १३५ लागतं ते ५०० कोटींची नेटवर्थ, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना. त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे असतात. आपण शिरोलीत दुसऱ्यांच्या कास्टिंगवर (ओतीव भागांवर) मशीनिंग करून देणारे, त्यातून भागीदारी फर्म. तेव्हा गणपतीची वर्गणी आणि शाळेला दिलेले पंखे लिहून पानं भरू नकोस. ती आपली हौस आहे.

जबाबदारी बघायची असेल तर आधी मस्टर, म्हणजे हजेरीपट, बघ. दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागतो. म्हणून कितीतरी शेडमध्ये माणसं चौदा राबतात आणि कागदावर वर्षानुवर्षं नऊच असतात. हिशेब सोपा आहे. अठरा हजार पगाराच्या माणसामागे मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे महिन्याला ५८५ रुपये. अशी दहा माणसं धरली तर वर्षाला ७०,२०० रुपये. हा आकडा तुला खर्चाच्या बाजूला लगेच सापडेल. पण मशीन लावून देणारा सेटर टिकला, नवा ऑपरेटर शिकवत बसावं लागलं नाही, रिजेक्शन (बाद होणारा माल) कमी झालं, हे कुठल्या खात्यात सापडणार? त्याला खातंच नाही. तुझ्या विषयातली खरी अडचण इथे आहे असं मला वाटतं.

पेमेंटचंही तसंच. लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आपलं मोठं गिऱ्हाईक तरी नव्वद दिवस लावतं. तक्रार करायला सरकारी पोर्टल आहे, पण तक्रार केल्यावर पुढची ऑर्डर कोण देणार? २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून वेळेत न दिलेलं असं बिल देईपर्यंत गिऱ्हाइकाला आयकरासाठी खर्चात धरता येत नाही, तेव्हापासून मार्चमध्ये मात्र फोन उचलले जातात!

आता आपल्याला ग्राइंडिंग, प्लेटिंग करून देणारे आपल्याहून लहान. त्यांना मी पैशांसाठी थांबवत नाही. आपले पाच लाख नव्वद दिवसांनी येणार आणि तेवढेच त्यांना पंचेचाळिसाव्या दिवशी द्यायचे, तर मधल्या दिवसांचं सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज ११ टक्क्यांनी पावणेसात हजारांच्या घरात जातं. बाबा कुरकुरतात. पण शनिवारी रात्री अर्जंट काम आलं की ग्राइंडिंगवाले काका आपला जॉब आधी लावतात, ते काही देवाधर्मासाठी नव्हे.

एक गोष्ट तुझ्या सरांना विचार. ज्या वर्षी ऑर्डरी भरपूर, त्या वर्षी आपला दिवाळीचा बोनसही सढळ असतो, आणि मंदीत हात आखडतो. मग चांगलं वागल्याने नफा झाला, की नफा झाला म्हणून चांगलं वागलो? एकाच वर्षाचे आकडे शेजारी ठेवून हे कळणार नाही. आधी खर्च कधी केला आणि नंतर दोन-तीन वर्षांत काय झालं, हे बघायला हवं.

आणि सगळ्यातून पैसे परत येतात असं लिहू नकोस, ते खोटं ठरेल. वापरलेलं तेल आपण नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच देतो. भंगारवाला बॅरलला जास्त पैसे देतो आणि कागदही मागत नाही. मशीन थंड ठेवणारं कूलंट खराब झाल्यावर नाल्यात सोडलं तर फुकटात काम होतं, ते पंचगंगेला जातं आणि कोणी विचारायलाही येत नाही. न सोडल्याबद्दल एकाही गिऱ्हाइकाने आपल्याला पैसा जादा दिलेला नाही. हा निव्वळ खर्च आहे, आणि तो मी खर्च म्हणूनच लिहिते. तूही तसाच दाखव.

पाच वर्षांचे ताळेबंद आणि रिजेक्शनचं रजिस्टर स्कॅन करून पाठवते. पगारपत्रकातली नावं खोडून वापर. फर्मचं नाव कुठेच घालू नकोस, नव्वद दिवसांचं वाचून कोणाला राग यायचा. मेसच्या डब्याचं बघ, गेल्या वेळी फार वाळला होतास.

तुझी,
आई