‘तुम्ही बायका इथेच थांबा’

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांनी लिहिलं होतं की हल्ली ओटीटीवर विमान पडलं, बेटावर अडकले, जंगलात हरवले असल्या ज्या रहस्यमय सिरीयल येतात त्यात बायकांना मुद्दाम पुढे दामटतात, खऱ्या संकटात असं काही होत नसतं. वाचता वाचता माझा चहा गार झाला. मी कोथरूडला राहते, बँकेतून रिटायर झालेय आणि असल्या सिरीयल बघायचं मला व्यसन आहे, घरच्यांनी आता बोलणं सोडून दिलंय.

सुरुवात ‘लॉस्ट’पासूनच करू. २००४ ला अमेरिकेत सुरू झाली, २०१० ला संपली, सहा सीझन. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान एका बेटावर पडतं आणि वाचलेल्यांना हळूहळू कळतं की हे बेट काही साधं नाही. मुलगी हॉस्टेलवरून हार्डडिस्क भरून आणायची तेव्हा पहिल्यांदा बघितली, मग लॉकडाऊनमध्ये सासूबाईंना घेऊन परत सगळी बघितली. आता त्या गृहस्थांना मला एवढंच सांगायचंय की या सिरीयलीच्या मूळ प्लॅनमध्ये जॅक हा डॉक्टर हिरो पहिल्याच भागात मरणार होता, त्या छोट्याशा रोलसाठी मायकल कीटनसारख्या मोठ्या नटाशी बोलणंही झालं होतं, आणि त्याच्यामागे सगळ्यांची लीडर होणार होती केट. ती केटसुद्धा वेगळी होती, जरा वयाने मोठी, नोकरी-धंद्यातली बाई, जिचा नवरा विमानाच्या शेपटाकडच्या भागात होता आणि तो जिवंत आहे हे ती धरून बसलेली. चॅनलवाले म्हणाले, लोकांना आवडलेला माणूस असा पहिल्या झटक्यात मारलात तर लोक चिडतील. झालं, जॅक वाचला, लीडर तोच झाला, शेपटातला नवरा रोझ नावाच्या दुसऱ्याच बाईला मिळाला आणि केट झाली पोलिसांपासून पळणारी सुंदर मुलगी. म्हणजे बाई नंतर कुणी घुसवली नव्हती हो, ती आधीपासून होती, तिला बाजूला केलं!

तरी पहिल्या भागात जुन्या केटच्या खुणा दिसतात. जॅकच्या कुशीला जखम झालेली असते आणि शिवणकामाच्या किटमधल्या सुईदोऱ्याने केटला ती शिवायला लागते, हात थरथरतायत पण शिवते. आणि मला त्याहून आवडलेला प्रसंग म्हणजे बुटांचा. जंगलात चालायला पायात धड काही नाही म्हणून ती एका मेलेल्या माणसाच्या पायातले बूट काढते. तोंडाने काही बोलत नाही, चेहऱ्यावर मात्र लाज, किळस, आणि तरी बोटं नाडी सोडतायत. सासूबाई पटकन म्हणाल्या, बरोबर केलं, त्याला काय करायचेत आता. संकटात पुढे होणं म्हणजे हे असतं, भाषण नसतं.

पुढे मात्र दर दोन भागांनी कोणीतरी पुरुष जंगलात निघतो आणि केटला सांगतो, तू इथेच थांब. ती थांबत नाही ही गोष्ट वेगळी, पण मग लेखक तिला पकडून तरी देतात नाहीतर दोन पुरुषांमध्ये झुलवत ठेवतात, इतकं की तिसऱ्या सीझनला मला तिचा कंटाळा आला. खरी कामं चालली होती ती बाजूला. दम्याने तडफडणाऱ्या शॅननसाठी निलगिरीचा पाला शोधून आणायचं डोकं चालतं ते सन नावाच्या कोरियन बाईचं, जिला इंग्रजी येतं हे तिच्या नवऱ्यालाही माहीत नाही. जॅक एका मरणाऱ्या माणसापाशी अडकलेला असतो त्या रात्री जंगलात क्लेअरचं बाळंतपण करते केट. आणि शेपटाकडच्या लोकांची चक्क लीडर असते ॲना लुसिया, फटकळ, संशयी, कुणाला गोड न बोलणारी. तिच्या हातून गोंधळात शॅननला गोळी लागते. प्रेक्षकांनी तिला जाम शिव्या घातल्या आणि त्याच सीझनला ती मारली गेली. लॉक नावाचा गृहस्थ आपल्या हट्टापायी एका तरुण पोराला मृत्यूच्या तोंडी देतो, त्याला मात्र सगळे म्हणतात काय गूढ कॅरेक्टर आहे!

माझं म्हणणं इथेच आहे. बाईला लीड दिला असं मी तेव्हाच म्हणेन जेव्हा तिला चुकायची मुभा असेल आणि चुकल्यावरही गोष्ट तिच्या हातात राहील.

म्हणून ‘यलोजॅकेट्स’ मला पटली (ज्यांनी बघितली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा, नंतर मला फोन करू नये). २०२१ ला आली. १९९६ साली न्यू जर्सीच्या एका शाळेची मुलींची फुटबॉल टीम विमान पडून कॅनडाच्या जंगलात १९ महिने अडकते. टीमची कॅप्टन जॅकी, सगळ्यांची लाडकी, जंगलात तिचा उपयोग शून्य. आणि जिला कुणी विचारत नाही ती चष्मेवाली मिस्टी, टीमचं सामान सांभाळणारी, ती कोचचा चिरडलेला पाय कुऱ्हाडीने तोडून जखम डागते आणि त्याचा जीव वाचवते. रात्री तिच्या कानावर पडतं की ही नसती तर आपलं काय झालं असतं, आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्याबद्दल असं बोललेलं, आणि मग ही बया जाऊन सुटकेचा सिग्नल देणारं यंत्रच फोडून टाकते. मी रिमोट खाली ठेवला आणि दोन मिनिटं नुसती बसले. हीच जीव वाचवणारी आणि हीच सगळ्यांना अडकवणारी, असं बाईचं पात्र मी आपल्याकडे पडद्यावर कधी बघितलंय, आठवून सांगा.

आणि खऱ्या संकटात असं होत नाही म्हणता ना, तर ऐका. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तोरणा ते राजगड ट्रेकला गेलो होतो, चौदा जण, त्यात चार बायका. बुधला माचीवरून खाली उतरून डोंगराच्या धारेवर आलो आणि असं धुकं आलं की पुढच्या माणसाची सॅक दिसेना. वाटेला दोन फाटे. आमच्यातले तीन वीर मोबाईल वर करून रेंज शोधत भांडायला लागले, डावीकडे का उजवीकडे, आणि शेवटी ठरलं काय, तर तुम्ही बायका इथेच थांबा, आम्ही बघून येतो. धुक्यात ग्रुप फोडायचा नाही हे शाळेतलं पोरगंही सांगेल. मी तेव्हा तोंड उघडलं नाही, त्याचं अजून वाईट वाटतं. तेवढ्यात धुक्यातून एक मावशी आल्या, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात कोयता, मागे दोन म्हशी. त्यांनी त्या रुंद, मळलेल्या वाटेकडे बघितलं, जी सगळ्यांना पसंत होती, आणि म्हणाल्या, “ही ढोरवाट हाय, ही पान्याला जाती खाली. तुमची वाट ती बारकी, धारंवरनं.” आणि म्हशी तिथेच सोडून पुढे चालायला लागल्या, मागे वळून कोण येतंय कोण नाही ते बघितलंसुद्धा नाही. वीस मिनिटं चौदा शिकलेली माणसं गुपचूप त्यांच्या मागे. वाट सरळ झाल्यावर थांबल्या आणि एवढंच विचारलं, “कुठं निघालाय ते घरी सांगितलंय का कुनी?” कुणीच सांगितलं नव्हतं.

आपल्या मराठी सिरीयलींमध्ये संध्याकाळी सात ते साडेदहा बायकाच लीड आहेत, मान्य. पण त्यांनी निर्णय घ्यायचे कशाचे, तर कपाटातली कागदपत्रं आणि दाराआड कोण ऐकत होतं याचे. हिरॉईन कधी चुकत नाही, चुकते ती जाड काजळवाली. हिरकणी आपली सगळ्यांची लाडकी, पण तिलाही आपण रायगडाचा कडा उतरू दिला तो बाळासाठी. ती उतरली कशी, पाय कुठे ठेवला, अंधारात धरलं कशाला, रोज गडावर दूध घालायला येणाऱ्या बाईला तो कातळ किती ठाऊक असेल, हे कुणी विचारत नाही. मला तेच बघायचंय.

म्हणून तुमच्या पेपरमार्फत इथल्या लेखक मंडळींना विनंती. जुलै महिना, वरंध घाट, दोन्हीकडे दरड कोसळलेली, मध्ये अडकलेली एक मिनीबस आणि त्यात पुण्याच्या एका भिशी ग्रुपच्या अकरा बायका. रेंज नाही, आणि पहिल्या रात्री मोजलं तर बारा जणी भरतात. बजेट फार लागणार नाही, पाऊस फुकट आहे. फक्त पहिली मोठी चूक त्यातल्या सगळ्यात चांगल्या बाईच्या हातून होऊ द्या, आणि तिसऱ्या भागात तिला वाचवायला कुणाचा तरी इन्स्पेक्टर भाऊ पाठवू नका.

आपली,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे

ता. क. सासूबाई (वय ८३) म्हणतात, केट नुसती पळते, डोकं त्या ज्युलिएटला (‘लॉस्ट’मध्ये पुढे येणारी डॉक्टर) आहे, लीडर तिला करायला हवं होतं. हे त्यांच्या नावाने छापा म्हणून मागे लागल्या होत्या, पण मग सोसायटीत कळेल की त्या दुपारी झोपत नाहीत.