गोष्ट तीच, रिपोर्ट दोन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत 'चित्र बघा, गोष्ट लिहा, स्वभाव कळेल' अशा थाटाचा लेख होता, वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या घरात ह्या टेस्टचा अनुभव अगदी ताजा आहे. मुलगी नववीत, अभ्यासात लक्ष लागेना म्हणून एका काउन्सेलरकडे नेलं, तिथे टॅट म्हणजे थीमॅटिक ॲपरसेप्शन टेस्ट घेतली. पहिलंच कार्ड, टेबलावर व्हायोलिन आणि त्याच्याकडे बघत बसलेला मुलगा. हिने लिहिलं की तार तुटलीये, बाबा आले की ओरडतील, तोपर्यंत तो बसून राहिला. रिपोर्टात आलं, वडिलांची भीती. झालं, मी चार दिवस घरात आवाज न चढवता वावरत होतो. मग ओळखीतल्या दुसऱ्या बाईंना तेच कागद दाखवले तर त्या म्हणाल्या मुलगी जबाबदार आहे, चूक लपवत नाही. गोष्ट तीच, अक्षर तेच, बाप पण तोच! शेवटी हिलाच विचारलं तर म्हणे, "बाबा, आदल्या दिवशी मैत्रिणीच्या गिटारची तार तुटली होती, तेच सुचलं."

ही टेस्ट हार्वर्डच्या हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन ह्यांनी 1935 च्या सुमारास आणली, 31 कार्डं, त्यातलं एक चक्क कोरं. कल्पना छानच आहे, थेट विचारलं तर माणूस सांगत नाही ते गोष्टीतून निसटतं. पण गोष्टीतून नेमकं काय मोजायचं ह्याचे नियम ठरलेले असले तर ठीक, आणि बरेच जण नियम न लावता अंदाजानेच वाचतात हाच तर घोळ आहे. मॅक्लेलंड ह्या मानसशास्त्रज्ञांनी यशाची ओढ मोजायला पक्के नियम केले, त्याला थोडाफार आधारही मिळाला. 2000 साली लिलिएनफेल्ड, वुड आणि गार्ब ह्या मानसशास्त्रज्ञांनी अशा टेस्टांवरचं संशोधन एकत्र तपासलं तेव्हा अशा मोजक्याच पद्धती टिकल्या, बाकी बऱ्याच ठिकाणी पुरावा तोकडा.

आता भाचा एसएसबीची, म्हणजे सैन्यदलात अधिकारी निवडण्याच्या चाचणीची तयारी करतोय. तिथेही हीच टॅट, 12 गोष्टी, चित्र 30 सेकंद आणि लिहायला 4 मिनिटं, शेवटची स्लाइड कोरी. क्लासमध्ये ह्यांची कोऱ्या स्लाइडची गोष्ट आधीच तयार असते! भाच्याच्या वहीत बघितलं तर प्रत्येक हिरो गावात बंधारा बांधतो नाहीतर पूरग्रस्तांना वाचवतो, एकही जण नुसता चहा पित बसलेला नाही. मग ह्यात मुलाचा स्वभाव कळतो का क्लासच्या सरांचा? एसएसबीत निदान इंटरव्ह्यू आणि ग्रुप टास्क वेगळे होतात, शेवटी सगळे एकत्र बसून ठरवतात, एकट्या गोष्टींवर काही अडत नाही. आमच्या काउन्सेलरकडे मात्र पाऊण तासात निकाल.

टेस्ट बंद करा असं माझं म्हणणं नाहीये. त्या गोष्टीमुळेच माझं आणि मुलीचं खूप दिवसांनी नीट बोलणं झालं, गप्पा सुरू करायला कार्डं झकास आहेत. पण पुढच्या वेळी असा लेख छापताना एवढं तरी लिहा की पालकांनी रिपोर्ट घेताना स्कोअरिंग कुठल्या पद्धतीने केलंय ते विचारावं आणि मुलाने लिहिलेल्या मूळ गोष्टींची झेरॉक्स मागून घ्यावी. आम्हाला ती मागायला दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

आपला,
एक पालक, पुणे