युजर गाईड नवख्या माणसाला कळेल असे लिहून द्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: बिलिंग सॉफ्टवेअरच्या युजर गाईडमधील ‘करदर बदलणे’ या प्रकरणाबाबत तक्रार

महोदय/महोदया,

मिरजेत आमचे शालेय साहित्याचे दुकान आहे. बिले, स्टॉक, जीएसटी सगळे तुमच्याच सॉफ्टवेअरवर चालते. सॉफ्टवेअर चांगले आहे. माझी तक्रार त्याच्या गाईडबद्दल आहे, कारण त्यापायी सप्टेंबरच्या हिशेबात आमचा मोठा घोळ होता होता राहिला.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. आमच्या दुकानात एकाच दिवशी वह्या, पेन्सिली आणि शार्पनर 12 टक्क्यांवरून शून्यावर आले, खोडरबर 5 वरून शून्यावर आले, कंपासपेटी 12 वरून 5 वर आली आणि बॉलपेन 18 वरच राहिले. हे बदल सॉफ्टवेअरमध्ये करण्याचे काम नव्याने लागलेल्या मुलीकडे होते. ती बारावी कॉमर्स झालेली आहे, हुशार आहे, वाचून समजून घेणारी आहे. तिने गाईड उघडले. तिथे या कामासाठी एकच वाक्य होते: ‘टॅक्स मास्टरमध्ये (म्हणजे करदरांच्या यादीत) आवश्यक ते बदल करून सेव्ह करा.’

तिने तेच केले. त्यानंतर एका शाळेने ऑगस्टच्या बिलाची दुसरी प्रत मागितली, तर त्या बिलावर वह्यांना शून्य टक्के छापून आले! जुना दर तसाच ठेवून नव्या दरापुढे ‘लागू तारीख’ टाकायची सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती शोधायला मला अख्खी दुपार लागली, कारण ती गाईडमध्ये भलत्याच प्रकरणात, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या मथळ्याखाली आहे. 21 तारखेपर्यंतची बिले जुन्या दराने आणि 22 पासूनची नव्या, हे एकाच महिन्याच्या जीएसटीआर-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात जायचे होते. ऑगस्टमध्ये विकलेला माल परत आला तर क्रेडिट नोटही (बिलाची रक्कम कमी करणारी चिठ्ठी) जुन्याच दराने काढावी लागते. ज्याच्यावर हे सगळे अवलंबून आहे ते ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ कसे? ते पहिल्या ओळीत हवे होते.

दुसरे, शून्य कराच्या मालासाठी तुमच्या स्क्रीनवर तीन पर्याय येतात: ‘निल रेटेड’, ‘एक्झेम्प्ट’ आणि ‘नॉन-जीएसटी’. गाईड म्हणते, ‘योग्य पर्याय निवडा.’ योग्य कोणता हेच तर माणूस विचारायला आलेला असतो. नॉन-जीएसटी म्हणजे पेट्रोल, डिझेल, दारू यांसारखा जीएसटीच्या बाहेरचा माल, वह्या त्यात बसत नाहीत, एवढे जरी दिले असते तरी तिचा एक पर्याय कमी झाला असता. चित्रे तर जुन्या आवृत्तीची आहेत. चित्रात मेनू डावीकडे दिसतो, आमच्या स्क्रीनवर तो वर आहे.

तुमच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा ‘सगळे गाईडमध्ये दिले आहे, मॅडम’ असे उत्तर मिळाले. दिलेले आहे, हे मला मान्य आहे. प्रत्येक बटणाची माहिती त्यात आहे आणि ज्याला काम येते त्याला ती उपयोगी पडते, मीही वापरते. पण नवख्या माणसाला बटणाचे नाव ठाऊक नसते, त्याला आपले काम ठाऊक असते. ‘दर बदलला, आता काय करू?’ अशा प्रश्नापासून सुरू होणारे एकही पान तुमच्याकडे नाही.

म्हणून माझी मागणी अशी. ‘करदर बदलणे’ हे प्रकरण एका खऱ्या वस्तूचे उदाहरण घेऊन नव्याने लिहा. सुरुवातीलाच बॅकअप घ्यायला सांगा. प्रत्येक पायरीनंतर स्क्रीनवर काय दिसायला हवे ते लिहा, म्हणजे चूक झाली तर तिथल्या तिथे कळेल. जुन्या बिलांवर काय परिणाम होईल हे ‘सेव्ह’च्या आधी सांगा, नंतर नको. ‘फक्त’, ‘सहज’, ‘नेहमीप्रमाणे’ हे शब्द काढा. ज्याला जमत नाही त्याला ते वाचून आपणच मठ्ठ आहोत असे वाटते. आमच्याकडची ती मुलगी रडकुंडीला आली होती, आणि दोष तिचा नव्हता. लिहून झाल्यावर ते पान सॉफ्टवेअर कधीच न वापरलेल्या माणसाच्या हाती द्या, शेजारी गप्प बसा आणि तो कुठे अडतो ते टिपून घ्या.

नवे पान कधीपर्यंत मिळेल हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे. ते तयार झाल्यावर तपासायला आमच्या दुकानात पाठवलेत तर आम्ही दोघी आनंदाने तपासून देऊ.

आपली,
एक ग्राहक, मिरज