पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या काकांना, ड्रिलच्या बॅटरीबद्दल

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्यासारख्या इतर सुतारांच्याही कामी यावं, एवढीच इच्छा.

बाबांच्या जुन्या ड्रिलची मोटर, गिअर, चक सगळं ठणठणीत होतं. गेली होती ती फक्त निकेल-कॅडमियमची बॅटरी. तसा पॅक आता येत नाही, नवीन मशीन घ्या, असं जो तो सांगत होता. तुम्ही मात्र पॅक उघडून हिशेब मांडलात. जुने १५ सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे १८. लिथियमचे पाच सेल, प्रत्येकी ३.६ व्होल्ट, तेही १८च. मग म्हणालात, "होईल. पण करायचं तू, मी बघणार." काका, त्या "मी बघणार"चे आभार मानावेत तेवढे थोडेच.

भंगारातले लॅपटॉपचे सेल स्वस्त पडतात, पुष्कळ जण तेच घालतात. तुम्ही ते बाजूला ठेवलेत. लॅपटॉप थोडा थोडा करंट घेतो, पण लाकडात बिट अडकला की ड्रिल एकदम कित्येक अँपिअर ओढतं आणि तसला सेल तापतो. ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेले सेल तर तुम्ही हातातही धरू दिले नाहीत. १८६५०च्या मापात, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब सेलमध्ये, साडेतीन-चार हजारांपुढे मावतच नाही. आपण घेतले २५०० एमएएचचे, पण सतत २० अँपिअर देणारे, एकाच जातीचे. जोडण्याआधी प्रत्येकाचं व्होल्टेज मोजायला लावलंत.

सेल एकमेकांना जोडणाऱ्या निकेलच्या पट्टीला ओरखडा काढून ती रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायला सांगितलीत. गंजली तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. इतकी सोपी परीक्षा मला दुसऱ्या कुणीच सांगितली नव्हती.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कागदाची ती चकती. सेलचं अख्खं कवच, अगदी वरची गोल कडसुद्धा, मायनस असते आणि प्लसची टोपी तिला अगदी लागून. मध्ये फक्त पातळ स्लीव्ह. ती फाटून पट्टी कडेला टेकली की थेट शॉर्ट. म्हणून प्रत्येक प्लसवर चकती बसवल्याशिवाय तुम्ही स्पॉट वेल्डिंगला हात लावू दिला नाहीत. सोल्डरिंग आयर्न तर सेलपासून लांबच ठेवलंत, कारण उष्णतेनं सेल आतून बिघडतो. बीएमएस, म्हणजे पॅकची राखण करणारं सर्किट, घेतानाही सगळे सेल सारख्या व्होल्टेजवर ठेवणारं बॅलन्सिंगवालंच निवडलंत, नाहीतर एक सेल मागे पडतो आणि पॅक लवकर बसतो.

वाचणाऱ्यांनो, काकांची एक गोष्ट तरी पाळाच: जुना निकेल-कॅडमियमचा चार्जर या पॅकला कधीही लावू नका. पाच सेलना बरोबर २१ व्होल्टवर थांबणारा लिथियमचाच चार्जर हवा. आणि पहिलं चार्जिंग उघड्या फरशीवर, समोर बसून.

माझ्याकडून मजुरी घेऊन तुम्हाला हे काम तासाभरात उरकता आलं असतं. त्याऐवजी गिऱ्हाइकं थांबवून माझ्या शेजारी उभे राहिलात. बाबा आता पुन्हा त्याच ड्रिलनं बिजागऱ्या बसवतात.

धाकट्या भावाच्या ग्राइंडरसाठी दहा सेलचा पॅक करायचा आहे, दोन-दोन सेल समांतर जोडून. सेल आणलेत, मोजून ठेवलेत. वेल्डिंगच्या आधी तुम्हाला दाखवायला येतो.

आपला,
कोथरूडचा सुतार