रात्रीतली आठ मिनिटं: शेल्टरशेजारून नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी पुण्याच्या कडेला राहते, कडेला म्हणजे जिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत ज्वारी उभी असायची आणि आता गुंठा-गुंठा करून घरं उभी राहिलीत तिथे. डबे करते. रोज 35 डबे जातात, त्यामुळे पहाटे साडेचारला कणीक मळायला घ्यावी लागते, म्हणजे दहाला डोळा लागला तर कुठे सहा-साडेसहा तास झोप मिळणार. आणि नेमकं दहा ते साडेचार हेच माझ्या शेजाऱ्यांचं गप्पा मारायचं टायमिंग आहे. शेजारी म्हणजे कुत्री. आमच्या बेडरूमच्या खिडकीपासून शंभर मीटरवर (मुलीने मोबाईलवर मोजलंय) भटक्या कुत्र्यांचं शेल्टर आहे, साठ कुत्र्यांसाठी बांधलेलं, आणि आत आज दीडशेच्या वर आहेत.

आधीच सांगून टाकते, नाहीतर खाली लोक मला प्राणीद्वेष्टी म्हणून मोकळे होतील. आमच्या देवघरात दत्ताचा फोटो आहे, पायाशी चार कुत्री आहेत, त्यांना रोज गंध लावते. माहेरचं दैवत खंडोबा, तिथेही कुत्रं आलंच. फोटोतली चारही गप्प असतात एवढाच काय तो फरक.

दुसरं कबूल करते ते हे की शेल्टर आमच्या आधीचं आहे. आम्ही नंतर आलो. प्लॉट बघायला आलो तेव्हा एजंट म्हणाला, ते काय, डॉक्टरांचं आहे जनावरांच्या, शांत असतं. आणि खरंच शांत होतं हो! कारण आम्ही दुपारी दोनला आलो होतो आणि दुपारी दोनला कुत्री झोपतात. हे मला आता कळलंय, कोणी प्लॉट घेणार असेल तर रात्री बारानंतर बघायला जा, दुपारी सगळेच प्लॉट शांत असतात.

आता तीन वर्षांत त्यांचं सगळं वेळापत्रक मला पाठ झालंय. रात्री साडेअकराच्या आसपास गाडी येते, दिवसभरात पकडलेली कुत्री घेऊन. नवीन कुत्रं गेटच्या आत आलं की जुनी सगळी उठतात, तू कोण, कुठला, कोणत्या गल्लीतला, ही चौकशी वीस मिनिटं चालते. मग एकच्या सुमाराला वॉचमन बॅटरी घेऊन राउंड मारतो, त्याची बॅटरी ज्या पिंजऱ्यावर पडेल तिथून सुरू होऊन ते थेट शेवटच्या पिंजऱ्यापर्यंत जातं आणि परत येतं. तीनला काय होतं ते अजून कळलं नाही पण तीनला होतं. आणि पहाटे सहाला खाण्याची स्टीलची भांडी वाजली की मग विचारू नका, पण तोपर्यंत माझ्या निम्म्या पोळ्या झालेल्या असतात त्यामुळे त्याचं मला काही नाही. सासूबाई मजेत आहेत, त्या रात्री कानातलं मशीन काढून ठेवतात आणि सकाळी विचारतात, काय गं, डोळे का सुजलेत तुझे.

तर तक्रारीचं सांगते. एका ऑफिसात गेलो, तिथे म्हणाले हे आवाजाचं आहे, त्या ऑफिसात जा. त्या ऑफिसात म्हणाले लाऊडस्पीकर असेल तर आम्ही येतो, कुत्र्याला काय जप्त करणार? तिसऱ्या ऑफिसातल्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी बसवून पाणी दिलं आणि सांगितलं की 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत ते वाचा. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिने वाचले. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल. आणि त्या मर्यादेच्या वर 10 किंवा जास्त डेसिबल गेलं तर माणूस तक्रार करू शकतो. मी म्हटलं झालं की मग! मोबाईलच्या ॲपवर तर खिडकीत सत्तर दाखवतं. (ॲप काही कोर्टात चालत नाही, माहितीय, त्याला कॅलिब्रेट केलेलं मीटर लागतं.)

पण साहेब, खरी गंमत पुढे आहे आणि त्याच्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं. ते 45 म्हणजे क्षणाचं नाही, सरासरीचं आहे. रात्रभराच्या आवाजाची सरासरी. मुलीने वहीत गणित मांडून दाखवलं. समजा रात्रीच्या आठ तासांत कुत्री सगळं मिळून आठ मिनिटं भुंकली, 70 डेसिबलला, बाकी वेळ शांत. तर सरासरी निघते साधारण 52-53. मर्यादा 45, त्यात तक्रारीचे 10 मिळवले की 55. म्हणजे आम्ही तक्रारीच्या लायकच नाही! आठ मिनिटंच तर आहे हो, असं कोणी म्हणेल, पण ती आठ मिनिटं एका जागी नसतात ना, पंधरा-पंधरा सेकंदांचे तीस-बत्तीस तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याला माणूस उठतो. जेवताना एकूण चमचाभरच खडे आले पण प्रत्येक घासाला एक आला, तसं आहे ते. मंडपातला डीजे सलग वाजतो म्हणून तो सरासरीत सापडतो, कुत्रं थांबून थांबून भुंकतं म्हणून सुटतं.

कोणीतरी आणखी सल्ला दिला की प्रांतांकडे जा, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133, आता नव्या कायद्यात 152 झालंय, उपद्रव हटवायचा हुकूम काढून घ्या, शेल्टरच बंद होईल. आमच्या लेनमधले दोघं-तिघं लगेच तयार झाले. मी नाही म्हटलं. बंद करून ती दीडशे कुत्री जाणार कुठे? आमच्याच लेनमध्ये की! आत्ता निदान भिंतीच्या पलीकडे भुंकतात.

मग मी सोपं काम केलं. एका संध्याकाळी डब्यात उरलेल्या पोळ्या घेऊन शेल्टरला गेले. आत गेल्यावर पहिली गोष्ट काय लक्षात आली सांगू, तिथली काम करणारी पोरं एकमेकांशी ओरडूनच बोलतात, बाहेर गेटवर आली तरी तसंच बोलतात. बंदिस्त केनेलमध्ये आवाज 100 डेसिबलच्या वर जातो असं जगभर मोजलेलं आहे, आणि कामगारांच्या कानाला 85 च्या वर आठ तास धोक्याचे धरतात. त्या पोरांच्या कानात साधा बोळासुद्धा नव्हता. आणि कुत्र्याचा कान तर आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, आपल्याला 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं तर त्याला 45 हजारांच्या आसपास. म्हणजे मी शंभर मीटरवरून कटकट करतेय आणि ती बिचारी त्या आवाजाच्या आत राहतायत.

दुसरी गोष्ट बांधकामाची. पिंजरे समोरासमोर, मध्ये चार फुटांचा पॅसेज, जाळीची दारं, खाली टाइल्स, वर पत्रा. एक कुत्रं उठलं की समोरच्याला दिसतं, दिसलं की ते भुंकतं, आणि पत्रा-टाइल्स आवाज पितच नाहीत, उलट परत फेकतात. रस्त्याच्या बाजूलाही नुसती जाळी, त्यामुळे स्विगीवाला गेला तरी दखल घेतली जाते. तिथल्या डॉक्टर ताई म्हणाल्या, काकू आम्हाला पण कळतं हो सगळं, पण डिझाइन आम्ही केलेलं नाही, टेंडरमध्ये जे होतं ते बांधून मिळालं. जुळणारी दोन-तीन एकत्र ठेवली तर कमी भुंकतात, रोज बाहेर फिरवली तर कमी भुंकतात, पण दीडशेंना फिरवायला माणसं चार. यावर मी काय बोलणार, मी 35 डब्यांना दोन बायका ठेवल्यात.

तरी आम्ही वर्गणी काढली आणि रस्त्याच्या बाजूच्या जाळीला आतून हिरवी शेडनेट लावली, शेतीच्या दुकानातली, 4,200 रुपये. वॉचमन काकांना सांगितलं की बॅटरी जमिनीवर धरून चाला. साडेअकराची गाडी मागच्या गेटने घ्यायला लावली. साहेब, निम्मं कमी झालं. शेडनेटने आवाज अडत नाही, एवढी अक्कल मलाही आहे, पण बाहेरचं दिसायचं बंद झालं म्हणून भुंकायचं कारण कमी झालं. निम्मं अजून आहे, ते समोरासमोरच्या पिंजऱ्यांचं आहे आणि ते माझ्या वर्गणीत बसत नाही.

आता हे मी तुम्हाला का लिहितेय, आमच्या एका लेनसाठी नाही. आत्तापर्यंत या शेल्टरमधली बरीचशी कुत्री पाहुणी असायची. 2023 चे एबीसी (म्हणजे प्राणी जन्म नियंत्रण) नियम काय किंवा त्याआधीचे 2001 चे काय, पकडा, नसबंदी करा, लस द्या, ऑपरेशननंतर काही दिवस ठेवा आणि जिथून आणलं तिथेच सोडा. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने आधी दिल्लीतली सगळी कुत्री शेल्टरला न्या म्हणून सांगितलं, मग 22 ऑगस्टला ते बदललं आणि रेबीजची आणि अंगावर येणारी सोडून बाकीची परत सोडा म्हणाले. पण 7 नोव्हेंबरला परत आदेश आला की शाळा, हॉस्पिटल, स्टेडियम, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचला आणि तिथे परत सोडू नका. आदेश बरोबर का चूक यात मला पडायचं नाही, स्टँडवर पोरांना कुत्री चावतात हे पण खरं आहे. पण हिशोब बघा. परत सोडायची नाहीत म्हणजे ती कायमची शेल्टरला. म्हणजे पाहुणे आता भाडेकरू झाले. म्हणजे तुमच्या खात्याखालच्या प्रत्येक महापालिकेला, नगरपालिकेला आज ना उद्या मोठं शेल्टर बांधावं लागणार, आणि जागा कुठे शोधणार तर गावाच्या कडेला, कचरा डेपोच्या बाजूला, म्हणजे जिथे उद्या आमच्यासारखे गुंठेवाले राहायला येणार.

मुंबईत हे सगळं आधी होऊन गेलंय. 1832 साली इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला आणि पारशी लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली. त्यानंतर 1834 ला जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरापोळ काढलं, भुलेश्वरच्या बाजूला. आज तिथे गाई दिसतात, आणि भोवती अशी दाटी की पाय ठेवायला जागा नाही. कुठेही बांधा, वस्ती येऊन चिकटतेच, हे सांगायला एवढं सांगितलं.

लांब बांधू असं म्हणाल तर त्याचंही गणित ऐका, परत मुलीचंच. अंतर दुप्पट झालं की आवाज फक्त 6 डेसिबल कमी होतो, मोकळ्या जागेत. शंभर मीटरला 70 तर दोनशेला 64, चारशेला 58, आठशेला 52, सोळाशे मीटरला जाऊन 46. म्हणजे नुसत्या अंतराने काम करायचं तर दीड किलोमीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन चहूबाजूंनी लागेल, ती पुण्याजवळ तुम्हालाही मिळायची नाही. पण मध्ये नजर अडवणारी भरीव भिंत आली की पाच-दहा डेसिबल तिथेच जातात, आणि पिंजऱ्यांची तोंडं वस्तीकडे न ठेवता आत अंगणाकडे ठेवली, समोरासमोर न ठेवता एका ओळीत ठेवली, पत्र्याखाली आवाज पिणारं काही लावलं तर भुंकणंच कमी होतं. झाडं लावू म्हणतात सगळे. लावा, सावलीला चांगली, पण चार अशोकाच्या झाडांनी आवाज थांबत नाही.

हे सगळं टेंडर निघायच्या आधी नकाशावर बदलायला जवळजवळ फुकट आहे. नंतर बदलायला फोडावं लागतं. म्हणून तुमच्या खात्याने एक परिपत्रक काढावं एवढंच मागणं आहे, की शेल्टरच्या नकाशाला मंजुरी देताना आवाजाचंही बघायचं, पिंजऱ्यांची रचना कशी ते आधी ठरवायचं, किती कुत्री ते पाटीवर लिहायचं आणि साठची जागा असेल तर दीडशे कोंबायची नाहीत, रात्री दहानंतर पकडगाडी आणायची नाही, आणि बाजूला घरांचा लेआउट मंजूर करत असाल तर त्या बिल्डरला कागदावर लिहायला लावायचं की शेजारी शेल्टर आहे. दुपारी दोनला दाखवून विकायचं नाही. आणि रात्रीचं मोजमाप नुसत्या सरासरीवर सोडू नका, किती वेळा उठावं लागतं तेही मोजा. हा शेवटचा नियम दिल्लीचा आहे, तुमच्या हातात नाही, तरी वर कळवा, तुमचं ऐकतील.

आमच्या शेल्टरला मात्र हात लावू नका, म्हणजे बंद करू नका. पॅसेजमध्ये मधोमध एक सहा-सात फुटांची भरीव भिंत घातली तर समोरासमोरचं दिसणं बंद होईल असं डॉक्टर ताई पण म्हणतात, जागा आहे, दोन्हीकडे दोन-दोन फुटांना थोडं कमी राहतं, हातगाडी नाही जाणार पण बादली जाते, मी उभी राहून बघितलंय. त्यांनी अर्ज दिलाय, तो कुठल्या टेबलावर आहे ते त्यांना माहीत नाही.

शेडनेट या पावसाळ्यात फाटेल. नवीन आम्ही वर्गणी काढून लावू, त्याचं काही नाही. भिंतीचं तेवढं तुम्ही बघा.

आपली,
डबेवाली काकू
(शेल्टरपासून शंभर मीटर)